एका उन्हाळ्यापुरते टायर

मे महिना लागला तसा रॉइस टॉफ्टने प्रवासात राहायच्या, चाकांवरच्या घरासारख्या ट्रेलरवरची ताडपत्री काढली आणि गुडघे टेकून चारही टायर हाताने चाचपून पाहिले. नक्षी शाबूत होती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या, तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. टायर कोणत्या साली, कोणत्या आठवड्यात तयार झाला ते कडेला कोरलेलं असतं. चष्मा पुसून त्याने ते आकडे वाचले. टायर नऊ वर्षांचे निघाले.

ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होऊन मरतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं त्याने रेल्वेत काढली होती, चाकांशीच त्याचा संसार. तरी मागची दोन वर्षं त्याने इथे वाकून पाहिलं नव्हतं. ती दोन वर्षं आर्डिसच्या दुखण्यात गेली होती.

आर्डिस म्हणजे त्याची बायको. माइल्स सिटीच्या शाळेत ती तिसरीची बाई होती, निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. मार्चमध्ये बिलिंग्जच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की आता औषधं थांबवलेली बरी.  परत येताना गाडीत ती म्हणाली, "मला एकदा समुद्रावर जायचंय." तिचं माहेर ऑरेगनच्या किनाऱ्यावरचं.

"जाऊ की," रॉइस म्हणाला. "घाटातला बर्फ वितळू दे."

त्यानंतर डॉक्टरांच्या त्या सांगण्यावर घरात अक्षर निघालं नाही. तिने तोंड उघडलं की हा उठायचा आणि कुठल्यातरी बिजागरीला तेल घालायला निघून जायचा.

टायर आणायला तो एकटाच निघाला होता, पण आर्डिस कोट घालून पिकअप ट्रकमध्ये येऊन बसली. हमरस्त्यालगतचं टायरचं दुकान ट्वायलाचं. ट्वायला पन्नाशीची, दंडाला ग्रीस लागलेली, आणि तीही एके काळची आर्डिसच्या तिसरीतलीच.

"बाई, तुम्ही कशाला आलात? वारा बघा केवढा सुटलाय."

"घरात बसून भिंतीच बघायच्या ना," आर्डिस खुर्चीत टेकत म्हणाली. "सात नव्वे?"

"बासष्ट."

"अजून बासष्टच?"

"म्हणून तर टायर विकतेय, बाई. नाहीतर बँकेत नसते का?"

आर्डिस हसली आणि हसताना तिने हळूच पोटावर हात धरला. रॉइसने ते पाहिलं आणि मान वळवली.

ट्वायलाने दोन टायर घरंगळत आणून फळीला टेकवले. एक आठ प्लायचा, म्हणजे आठ थरांच्या ताकदीचा, हलका. दुसरा दहा प्लायचा, जाड आणि दणकट. "काका, मापाने दोन्ही बसतात," ती म्हणाली. "ट्रकचे टायर मात्र ट्रेलरला लावू नका, वळणावर ट्रेलर मागून डुलतो. हे हलके बरेच स्वस्त आहेत. हवा नीट ठेवलीत तर दोन उन्हाळे काढतील. हे जाडे घेतलेत तर सहा वर्षं बघायला नको. आता तुम्हीच सांगा, किती वर्षं वापरायचेत?"

"सहा," रॉइस म्हणाला.

"एक उन्हाळा," आर्डिस म्हणाली.

दोघांचे शब्द एकदमच पडले. ट्वायला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग "हवेची नळी गळतेय वाटतं, बघून येते," असं पुटपुटत आतल्या खोलीत गेली.

रॉइस बाहेर निघाला. दुकानाच्या मागे जुन्या टायरांची चळत होती, तिच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. वाऱ्याने धूळ डोळ्यांत जात होती. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. आर्डिस भिंतीला धरून धरून येत होती.

"आत बस. गार लागेल तुला," तो म्हणाला.

"सहा वर्षं कुणाची मोजलीस?"

"तोंडातून निघालं."

"रॉइस, वजाबाकी तिसरीतल्या पोरांनाही येते."

"मला नाही यायची." तो चळतीकडेच बघत होता. "ते हलके घेतले म्हणजे मी कबूल केल्यासारखं होईल. मी कबूल करणार नाही."

"तुझ्या कबुलीवाचून काही अडलेलं नाहीये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पण मी बोलायचं कुणाशी, ते सांग. दोन महिने झाले. बोलायला गेले की तू तेलाची बुधली उचलतोस. आता घरातलं एक दार म्हणून कुरकुरत नाही. मला हे एकटीने वाहून वाहून कंटाळा आलाय रे."

रॉइसने तोंडावरून हात फिरवला.  मग खाली बघत विचारलं, "भीती वाटते का तुला?"

"दिवसा नाही. रात्री वाटते. तू झोपलेला असतोस तेव्हा."

"मी झोपलेला नसतो."

"माहितीये मला," ती म्हणाली.

तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आई गेली तेव्हाही लोकांसमोर डोळे कोरडे ठेवलेला. आर्डिस त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून मग ती दोघं तिथेच एका पडलेल्या टायरवर शेजारी शेजारी टेकली.

"जाडे घे," ती म्हणाली.

"आत्ता तर एक उन्हाळा म्हणत होतीस."

"हलका टायर घाटात फुटला, तर माझा एक दिवस रस्त्याच्या कडेला जाईल. माझ्याकडे इतके दिवस नाहीत." तिने त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. "आणि येताना तू एकटा असशील. चांगले घे."

त्याने चार घेतले आणि पाचवा स्टेपनीला. ट्वायलाने ते स्वतः चढवले, नट पान्याने दोनदा आवळून पाहिले, आणि निघताना बाईंच्या गळ्यात पडली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती दोघं निघाली. रॉइस ताशी साठ मैलांच्या वर गेला नाही. दर थांब्याला उतरायचा आणि टायरांवर तळहात ठेवून कुठला जास्त तापलाय ते बघायचा. आर्डिस उशांना टेकून शेजारी बसलेली असायची, आणि बोलायची. बहिणीला कोणी कळवायचं, पुस्तकं कुणाला द्यायची, चर्चमध्ये बेसूर ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला अजिबात बोलवायचं नाही. रॉइस "हं" म्हणायचा. एकदा त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "हे सगळं लिहून घ्यायला हवं." मग ती सांगत गेली आणि तो नकाशाच्या मागे लिहीत गेला.

समुद्र तिला अकरा दिवस मिळाला. पहिले काही दिवस ती वाळूपर्यंत चालत गेली, नंतर ट्रेलरच्या दारात खुर्ची टाकून बसायची, अंगावर दोन गोधड्या. बाराव्या दिवशी तिला गावातल्या इस्पितळात हलवावं लागलं. तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी, नर्स खिडकीचा पडदा सारत असताना, ती गेली. रॉइसचा हात तिच्या पायावर होता. पाय गार पडले होते म्हणून तो चोळत होता, आणि नर्सने खांद्याला हात लावेपर्यंत चोळतच राहिला.

तिच्या आईच्या शेजारी तिला पुरलं, आणि तो परत निघाला. अकराशे मैलांत एकही टायर कुरकुरला नाही. इडाहोच्या घाटात त्याला वाटून गेलं, एखादा फुटला तर बरं, थांबायला कारण तरी होईल. पण चाकं मुकाट्याने फिरत राहिली आणि पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला घरासमोर आणून सोडलं.

आता ट्रेलर मागे घेऊन गॅरेजच्या बाजूच्या बोळात लावायचा होता. तीस वर्षं हे काम दोघांचं. हा आरशात बघायचा, आर्डिस मागे उभी राहून हात दाखवायची. रॉइसने ट्रक रिव्हर्समध्ये घातला आणि आरशात बघितलं. मागे नुसतं गवत होतं.

शेजारचा लीलँड धावत आला. "थांब, मी हात दाखवतो," म्हणून मागे जाऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी भराभर काहीतरी खुणा करू लागला. रॉइसला त्यातली एकही कळेना.

"लीलँड, बाजूला हो."

"अरे, कुंपणाला आदळशील."

"आदळू दे."

लीलँड बाजूला झाला. रॉइस ट्रक हातभर मागे घ्यायचा, उतरायचा, मागे चालत जाऊन बघायचा, पुन्हा चढायचा. असं आठ-दहा वेळा झालं. ट्रेलर शेवटी वाकडाच लागला, एक चाक फुलांच्या वाफ्यात. लीलँडने दोन विटा आणून चाकांना अटकाव म्हणून लावल्या.

"घरी चल," तो म्हणाला. "हिने सूप केलंय."

"येतो."

रॉइस मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून होता, इंजिन चालूच. लीलँड कुंपणाच्या फाटकाशी थांबून राहिला, हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने इंजिन बंद झालं. रॉइस खाली उतरला, ट्रकचं दार लावलं, आणि लीलँडच्या मागून चालू लागला.