रॉकेटविरोधी सत्याग्रह

त्या वर्षी रशियानं आकाशात स्वतःचा चंद्र सोडला आणि इकडे फणसवाडीत आमच्या ह्यांच्या डोक्यात वारं शिरलं. हे म्हणजे मनमोहनराव, सॉलिसिटरच्या ऑफिसात कारकून. दिवाळीचे बाण घरी करायचा नाद लहानपणापासूनचा, पण आता बाण म्हटलेलं चालेना, रॉकेट म्हणायचं. दर रविवारी माटुंग्याहून ह्यांचे मित्र शशिकांतभावजी यायचे आणि दोघं माझ्या ओट्याला टेकून वाद घालायचे. भावजींचं म्हणणं, काठी हवीच, काठीशिवाय ते सरळ जायचं नाही. ह्यांचं म्हणणं, काठी लावली की तो पोरांचा बाण झाला, रॉकेटला पुठ्ठ्याचे पंख हवेत. चार चहा व्हायचे, निकाल काही लागायचा नाही.

पंखांचं पहिलं रॉकेट समोरच्या जाईबाईंच्या खाटेखाली गेलं. दुसरं, चंपावहिनींनी चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ धुऊन गच्चीवर वाळत घातले होते, त्यांत घुसलं. तांदूळ काळे झाले ते झालेच, वर हे वहिनींना म्हणतात कसे, दिशा चुकली, पण जोर बघितलात ना? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्यावर ह्यांनी जीव ओतला. चंदेरी कागद लावला, पंख पुन्हापुन्हा कापले. तेवढ्यात मालकांचा निरोप आला, सोमवारपासून गच्चीवर पाण्याची टाकी बांधणार. चौपाटीवर ह्यांना वारा नको, मैदानात पोरांची गर्दी नको. म्हणजे रविवारी उडालं तर उडालं, नाहीतर जन्मभर माळ्यावर. ह्यांचं जेवणात लक्ष लागेना. आमटीऐवजी भातावर ताक ओतून घेतलं तरी कळलं नाही.

पण वहिनींनी नवे तांदूळ धुऊन पुन्हा तिथेच पसरले होते. बायकांनी ठरवलं, गच्चीवर सत्याग्रहाला बसायचं. आणि पुढे कोणाला बसवलं? मला! नाही कसं म्हणणार, तांदूळ कोणाच्या नवऱ्यानं जाळले होते? आणि बसायचं कसं ते ह्यांनीच शिकवलेलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आल्यावर ह्यांनी वाडीतल्या बायकांचा वर्गच घेतला होता. हातात हात अडकवा, अंग सैल सोडा म्हणजे पोलिसांना उचलायला जड जातं, मागणी मान्य झाल्याशिवाय उठू नका.

रविवारी हे टॉवेलात रॉकेट गुंडाळून शशिकांतभावजींबरोबर वर आले आणि आम्हाला बघून दारातच थबकले. रॉकेट उडणार नाही, अशा आमच्या घोषणा चालल्या होत्या. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, जाऊ दे, उठावं. पण एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला जाईबाई, दोघींनी माझे हात घट्ट धरलेले.

त्या आठवड्यात जमावबंदी होती. घोषणा रस्त्यावर ऐकू गेल्या आणि एक हवालदार धापा टाकत वर आला. म्हणाला, बायांनो, उठा, गच्ची खाली करा. शशिकांतभावजींची कळी खुलली. ते ह्यांच्या कानाशी लागले की गच्ची आयती मोकळी होतेय, काडी काढ.

ह्यांनी रॉकेट भावजींच्या हातात दिलं, माझ्या शेजारी येऊन मांडी घातली, माझ्या हातात हात अडकवला आणि आमच्या सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले, "रॉकेट उडणार नाही!"

हवालदारानं विचारलं, रॉकेट आहे कोणाचं? हे म्हणाले, माझं. मग घोषणा कोणाविरुद्ध? तर म्हणे, माझ्याच. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला, माझ्याकडे पाणी मागितलं, ते प्यायला, आणि जरा हळू ओरडा एवढं सांगून निघून गेला.

मग बायका विरघळल्या. वहिनींनी आपणहून तांदूळ चादरीत गोळा केले आणि म्हणाल्या, उडवा हो मनमोहनभावजी, एकदाच. मी तर उठून उभीच राहिले होते. हे मात्र हलेनात.

"छे, वहिनी. तुमची मागणी मी मान्य केलीय. पोलीस गेले म्हणून लगेच शब्द फिरवू? मग त्या सरकारात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मी म्हटलं, अहो, आम्ही मागणी मागे घेतो. तर म्हणे, मान्य झालेली मागणी मागे घेता येत नाही. हट्टी तरी किती असावं माणसानं! मग उठले, एकेका बाईला हात जोडून अभिनंदन केलं, आणि शेवटी माझ्यासमोर आले.

"उर्मिला, तुम्ही जिंकलात."

खरंच आनंद झाला होता त्यांना. मी खाली आले आणि भांडी आपटत बसले. इतका राग मला कधी हरल्यावरही आला नव्हता, आणि रडूही येत होतं. सोमवारी टाकीचे गवंडी आले. त्यांना चहा द्यायला मीच वर गेले. हे काही गच्चीवर आले नाहीत.