मधुवंतीचा माफीनामा

"हे तुले कोनं लिहाले लावलं?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"किसीने नहीं, आबाजी. मीच लिवलं," मधुवंती म्हणाली.

आठवीतल्या माझ्या नातीने निबंधाच्या वहीत मधोमध रेघ मारली होती. डावीकडे सिनेमातल्या मुखवटेवाल्या सुपरहीरोचे नियम, उजवीकडे ख्रिस्ती धर्माच्या दहा आज्ञा. हत्या करू नकोस, हे दोन्हीकडे होतं. खोटी साक्ष देऊ नकोस, हे फक्त उजवीकडे. त्याच्यासमोर तिने लिहिलं होतं, 'हीरो ओळख लपवायला घरी रोज खोटं बोलतो. पण त्याने लोकांचा जीव वाचतो. म्हणून आज्ञा मोडली तरी तो बरोबर.'

बालाघाटच्या कचेरीबाहेर मी बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो आहे. कागदामागे कुणाचा हात आहे हे मला लगेच कळतं, असा माझा समज. शाळा मिशनची. पोरीला मारुतीस्तोत्र धड येत नाही आणि दहा आज्ञा तोंडपाठ! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

सकाळी टेबल मांडलं आणि पहिला अर्ज माझाच लिहिला. शिक्षिका शीला मॅडम मुलांवर आपला धर्म लादतात, चौकशी व्हावी. शेवटी सवयीने ओळ घातली, 'हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.' ही ओळ नसली तर साहेब लोक अर्ज बाजूला सारतात. मी पाहिली होती ती फक्त वही.

दुपारी शाळेतूनच बोलावणं आलं. अर्ज खिशात घालून गेलो. शीला मॅडमपुढे तीच वही उघडी होती.

"तुमीच शिकोलं ना हे तिले?" त्यांनी विचारलं. बाई आमच्याच बाजूच्या, तिरोडीच्या निघाल्या, बोली थेट माझ्या घरातली.

"मी? मले तं वाटलं, तुमीच..."

"मी काहून शिकवीन? 'माझा आवडता नायक' लिहाले देल्ला होता, अन् हिनं देवाची आज्ञाच खोटी पाडली. कोनी मुद्दाम लिहाले लावलं असंन, असंच वाटते मले."

म्हणजे मी त्यांना भीत होतो आणि त्या मला. खरं तर दोघांनी तिथेच हसून मोकळं व्हायचं. पण हसलं कोण? शाळेत धर्म शिकवतात असा बाहेर बोभाटा झाला तर शाळेवर मोर्चा येईल, मॅडमची नोकरी जाईल आणि पोरीचं नाव शाळेतून कटेल, एवढं दोघांनाही दिसत होतं. तोडगा मी काढला, माझ्याच धंद्यातला. माफीनामा.

मधुवंतीला वर्गातून बोलावलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. 'हा निबंध मी मोबाईलवरून उतरवला. त्यातले विचार माझे नाहीत.' म्हणजे कुणी शिकवलं हा प्रश्नच मिटला.

तिचा पेन थांबला. "पर आबाजी, मीच लिवलं ना. चार दिवस लागले मले."

"हौ, मालूम आहे. पन लिहून टाक. तुहा हीरो नाही बोलत का खोटं, लोकायले वाचवाले?"

"तो सोता बोलते, आबाजी," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याले नाही बोलाले लावत."

तिने शीला मॅडमकडे पाहिलं. खोटी साक्ष देऊ नकोस ही आज्ञा त्यांच्या धर्माची, पण त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग मधुवंतीने ते वाक्य पुरं केलं, खाली सही केली, आणि कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं. मला फार लाज वाटली.

तिला घेऊन फाटकाबाहेर आलो आणि मी खिशातला अर्ज फाडून टाकला. कशाचा कागद, असं तिने विचारलं नाही. एरवी तिच्या प्रश्नांनी माझं डोकं उठतं.

स्कूटरवर ती मागे बसली. रेल्वे फाटकापाशी रस्ता उखडलेला आहे, म्हणून मी म्हटलं, "मले नीट धर, पोरी. पडशीन."

"धरलं आहे."

मी आरशात पाहिलं. तिने दोन्ही हात मागे नेऊन स्टेपनी घट्ट धरली होती.