सायकलवाला परत आला

सटवाने त्याला लांबूनच ओळखलं. सिरसाळ्याकडून येणारी सायकल, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या पिशव्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तेरा महिन्यांमागं, पौषातल्या एका सकाळी, दिंद्रुडच्या ह्याच रस्त्याला त्यानं हा माणूस कडेच्या चारीत पडलेला पाहिला होता. तेव्हापासून तो मेलाच असं सटवा धरून चालला होता.

माघ सरत आला होता. हरभरा निघालेल्या रानात मेंढरं चरत होती. रान सुंदररावांचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं बहुतेक रान त्यांचंच, आणि तालुक्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. बारा वर्षं सटवा त्यांच्याच शिवारात खतासाठी मेंढरं बसवत आला होता.

सायकल थांबली. उतरताना माणूस डाव्या पायावर लंगडला.

"मामा, पाणी मिळेल का?"

सटवाची बायको साखराबाई तांब्या भरून घेऊन आली. माणूस बाभळीच्या सावलीला बसून घटाघटा प्याला. नाव गहिनीनाथ, नांदेडकडच्या शाळेत चित्रकला शिकवतो, असं त्यानं आपणहून सांगितलं. समुद्रापर्यंत निघाला होता.

"येवढ्या लांब सायकलवर?" साखराबाईनं विचारलं. "यष्टी हाय की. कावून जीवाला तरास?"

गहिनीनाथ हसला. "घरचेही हेच विचारतात, मावशी. वीस वर्षं घर ते शाळा, आठ किलोमीटर, रोज तोच रस्ता. एकदा सुट्टीत शाळा मागं टाकून तसाच पुढं गेलो. रात्री एका देवळात झोपलो. सकाळी एका म्हातारीनं भाकरी दिली. मी कोण, कुणाचा, काही विचारलं नाही. मग दरवर्षी निघायला लागलो." तो जरा थांबला. "या वेळचं वेगळं आहे. मागच्या वर्षी इथंच मला गाडीनं उडवलं. चार महिने खाटेवर होतो. आता मागून गाडीचा आवाज आला की माझे पाय लटपटतात. स्वतःच्या घरासमोरचा रस्ता ओलांडता येत नाही. म्हटलं, जिथं राहिलं तिथूनच पुढं जायचं. नाहीतर जन्मभर घरातच बसावं लागेल."

सटवा खाली बघत काठीनं माती उकरत राहिला.

"त्या दिवशी कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकली होती," गहिनीनाथ म्हणाला. "दवाखान्यात म्हणाले, थंडीनंच गेला असतास. सिरसाळ्यात सकाळपासून विचारतोय, इथं मेंढरं कोण राखतं म्हणून."

"कुनाकुनाला इचारलं?" सटवानं दचकून मान वर केली.

"चहाच्या टपरीवर. पंपावर."

तेवढ्यात सिरसाळ्याकडून पांढरी जीप आली. त्यांच्यासमोर आल्यावर तिचा वेग एकदम कमी झाला. काच अर्धी खाली गेली, पुन्हा वर आली. जीप पुढं गेली ती हाकेच्या अंतरावर पुलापाशी थांबली, वळली आणि त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली.

साखराबाईनं रिकामा तांब्या छातीशी धरला. "आवं, बोलू नका," ती पुटपुटली. "गप ऱ्हावा."

तेरा महिने सटवा गपच होता. धुक्यातून तीच जीप सुसाट आलती. सुंदररावांचा पोरगा विजयसिंह खाली उतरून चारीत वाकून बघत होता, आणि मग त्याची नजर सटवावर गेलती. "धुकं हाय बे," तो म्हणाला होता. "धुक्यात काय दिसतंय?" सटवा म्हणाला होता, "काय न्हाई, मालक." जीप गेल्यावर त्यानं घोंगडी टाकली होती आणि मेंढरं हाकून निघून गेलता. रस्त्यानं येणाऱ्या एखाद्या गाडीलाही त्यानं हात केला नव्हता. हेच त्याला जास्त टोचत होतं.

"सर," तो म्हणाला, "घोंगडी माझी. गाडी ती उभी हाय ती. चालवणारा सुंदररावाचा विजयसिंह. म्या सोता पाह्यलंय."

गहिनीनाथ उठून पुलाकडं बघू लागला.

"हे पोलिसांना सांगाल?"

सटवानं सायकल त्याच्यापुढं आणली. "आधी तुमी निघा. माघारी सिरसाळ्याला चला."

"माघारी नाही जाणार, मामा." त्यानं हेल्मेट चढवलं.

"मग ऐका. वळणाच्या पुढं, पुलाच्या अलीकडंच, डाव्या हाताला कॅनॉलची पायवाट लागती. तिथं मदी चर खांदलाय, जीप जायाची न्हाई. सायकल उचलून पार व्हा."

सटवानं तोंडात बोटं घालून शीळ घातली. दोनशे दहा मेंढरं रानातून उठली. त्यानं कळप पायवाटेच्या पलीकडं, सगळ्या डांबरावर पसरवला. पुलावरची जीप हलली. हॉर्न वाजायला लागला. मेंढरं बावरून एकमेकांत घुसली, पण रस्ता सोडेनात. मागं गहिनीनाथनं पॅडल मारलं, वळण ओलांडलं आणि पायवाटेवर उतरला. पिवळं हेल्मेट काही वेळ तुरीच्या काड्यांमधून दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

विजयसिंह दार उघडून उतरला. आरडाओरडा नाही, शिवी नाही.

"काय बोल्लास बे त्याच्याशी?"

"पानी दिलं, मालक."

"किती मेंढरं हायती तुझी?"

"दोनशे दा."

"मोजून ठेव," असं म्हणून तो गाडीत बसला.

उजेड होता तोवर त्यांनी बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि चार कोस सरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळपातली अकरा मेंढरं पाय ताणून मरून पडली होती, तोंडाला फेस. साखराबाई त्यांच्यात बसून राहिली. रडली नाही. उन्हं वर आल्यावर उठून म्हणाली, "गप बसून काय वाचलं? जावा, सांगून या. कळप म्या बघते."

सटवा ठाण्यात गेला. जबानी दिली, अंगठा उठवला. आठ दिवसांनी गहिनीनाथचा फोन आला; सटवाचा नंबर त्याला ठाण्यातून मिळाला होता. पलीकडं लाटांचा आवाज येत होता. तो परतीच्या वाटेवर ठाण्यात येणार होता, स्वतःची जबानी द्यायला. "या," सटवा म्हणाला. "पन एकटं येऊ नका."

जीप जप्त झाली. विजयसिंह जामिनावर सुटला. तोवर सटवा कळप घेऊन केजच्या बाजूला, युसूफ वडगावच्या शिवारात पोचला होता. तिथला शेतकरी दरवर्षी स्वतः बोलावणं धाडायचा. यंदा तो बांधावरूनच म्हणाला, "पुढं जावा, सटवा. काल कुनीतरी येऊन गेलंय."

"कोन?" साखराबाईनं विचारलं.

तो पाठ फिरवून बांधावरून चालू लागला. सटवानं घोड्याचा लगाम धरला आणि कळप दक्षिणेच्या वाटेला लावला. पुढचा मुक्काम कुठं, ते साखराबाईनं विचारलं नाही, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.