रोध कमी, ताप जास्त

मास्तरांनी आजवर इस्त्री कधी केली नव्हती, फक्त शिकवली होती. 'विद्युतधारेचा औष्णिक परिणाम' हा धडा आला की ते फळ्यावर इस्त्रीचं चित्र काढायचे आणि पोरांना ती होडी वाटायची.

आज बायको बढती मिळून रुग्णालयात मुख्य परिचारिका म्हणून रुजू होणार होती. नवा पांढराशुभ्र गणवेश, बाहीवर निळी पट्टी, आणि मिळालेला एकच.

"आज इस्त्री मी करतो," मास्तर छाती काढून म्हणाले.

"खरंच?" ती बघतच राहिली. मग गुणगुणत आंघोळीला गेली. तिला एवढा आनंद झालेला पाहून मास्तरांना चेव चढला.

इस्त्री मात्र ढिम्म. घरची ती जुनी, आपली आपण बंद न होणारी. मास्तरांनी प्लग काढून ती उघडली. आत अभ्रकावर गुंडाळलेली तार तुटली होती. शेजारून दुसरी आणता आली असती. पण विज्ञानाच्या मास्तराने शेजाऱ्याकडे इस्त्री मागायची म्हणजे नाक कापून घेण्यातलाच प्रकार! त्यांनी तारेचा जळका भाग कापला, तोही सढळ हाताने, आणि उरलेली तार पिळून जोडली.

तार आखूड झाली, म्हणजे रोध कमी. सूत्र तर तोंडपाठ. धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. रोध घटला की उष्णताही घटणार.

"जरा कोमट चालेल इतकंच," ते स्वतःशी म्हणाले. "कापडाला उलट बरं." आणि प्लग लावून ती कोमट इस्त्री गणवेशाच्या पाठीवर टेकवून ते निवांत चष्मा पुसत बसले.

जळका वास आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रोध कमी झाला की धारा वाढते, आणि सूत्रात तिचा तर वर्ग! नेमका हाच प्रश्न विचारून ते दरवर्षी पोरांची फजिती करायचे. इस्त्री उचलली, तर पांढऱ्या पाठीवर तपकिरी, रेखीव इस्त्री उमटलेली. फळ्यावर इतकी सुबक कधीच जमली नव्हती.

बायको आली. मास्तर घाईघाईने धारेचा वर्ग समजावू लागले. मध्येच त्यांना रडू आलं. जन्मात एकदा तिच्यासाठी काही करायला गेले आणि तिच्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा विचका करून बसले.

तिने गणवेश उजेडात धरून पाहिला आणि अंगात चढवला.

"अगं, हा घालून जाणार? लोक हसतील!"

"हसू देत. विचारलं तर सांगेन, नवऱ्याने इस्त्री करून दिली." आरशासमोर वळून तिने पाठ न्याहाळली. "आमच्या वॉर्डात एकीजवळ तरी आहे का असा पुरावा?"