मुकी कणीक

गावचे पाद्री अबूना बरसूम यांनी टोपलीतला एकेक पाव उचलून दिव्याजवळ धरला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि बोटाने त्याचा तळ वाजवला. गत्तास टोपली घेऊन वेदीच्या पायरीखाली उभा होता. मागे सगळं चर्च 'प्रभू, दया कर' गात होतं. एका पावाला कडेशी बारीक चीर होती, दुसऱ्यावरचा क्रुसांचा ठसा जरा सरकला होता. अबूनांनी ते दोन्ही बाजूला सारले, मधला उचलला आणि समाधानाने मान हलवली. ठसा स्वच्छ उठलेला, पाठ गुळगुळीत, रंग ऐन बदामी. आजचं कोकरू ठरलं. वेदीवर मोडायच्या पावाला इथे कोकरूच म्हणतात, आणि त्यात खोट चालत नाही.

गत्तासने मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा नम्र माणूस. खरं तर त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आज तरी पाव बिघडेल, फाटेल, दगडासारखा बसेल, अशी त्याला आशा होती. पण पाव नेहमीसारखाच झाला होता, किंबहुना नेहमीपेक्षा सरसच.

चर्चच्या मागे, खजुराच्या झाडांकडे पाठ करून, भट्टीची एक खोली होती. तिला गावात बेथलेहेम म्हणत, कारण पाव तिथेच जन्माला यायचा. तिथे बायकांनी जायचं नसे. पुरुषांतही एकालाच जाता येई, तोही उपाशीपोटी, हातपाय धुऊन. गत्तासच्या बापाने त्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. कणकेत मीठ घालायचं नाही. आणि पिठाला पाणी लागल्यापासून पाव भट्टीत जाईपर्यंत तोंडातली स्तोत्रं थांबवायची नाहीत. बाप म्हणायचा, "यीस्टने पाव फुगतो रे, पण जिवंत होतो तो स्तोत्रांनी." तीस वर्षं गत्तासने ते पाळलं होतं. सर्दीपडशात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बाप गेला त्या आठवड्यातही पाळलं होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी त्याचा मुलगा अबनूब गेला. नदीपलीकडे पांढऱ्या दगडाच्या खाणीत कामाला होता. दगडाच्या विटा कापायच्या यंत्राची वायर उघडी पडलेली होती आणि त्या पोराचे हात ओले होते. बावीस वर्षांचा. त्याला खरं तर कैरोला जायचं होतं, मावसभावाच्या दुकानात. गत्तासनेच त्याला अडवलं. "इथेच राहा. माझ्यामागे भट्टी तुझीच आहे. जो देवाच्या अंगणात राहतो त्याला काय कमी पडतं?" असं बोलला होता तो, चारचौघांत, छाती पुढे काढून. आणि ज्या सकाळी पोरगा गेला त्याच सकाळी त्याने याच खोलीत, याच परातीवर, तो राखणारा कधी डुलकीही घेत नाही असं सांगणारं स्तोत्र म्हटलं होतं. त्यात नेहमीसारखं अबनूबचं नावही घातलं होतं.

त्यानंतर गत्तासच्या तोंडून परातीवर अक्षर निघालं नाही. आधी त्याला वाटलं, दुःख आहे, जाईल. मग त्याच्या लक्षात आलं की स्तोत्र आठवत नाही असं नव्हतं, त्याला ते म्हणायचंच नव्हतं. तो ओठ आवळून मळत होता, ओठ आवळून ठसे उठवत होता, पावाला पाच भोकं पाडत होता, आणि दर वेळी परातीवर फडकं झाकून वाट पाहत होता. ये ना वर, बघतो. कणीक वर यायची. मऊ, लोण्यासारखी. म्हणजे तिकडे कुणाला फरकच पडत नव्हता. तीस वर्षं म्हटलं काय आणि चार महिने नाही म्हटलं काय, सगळं सारखंच. हे त्याला मुलाच्या मरणाइतकंच झोंबत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

घरात इन्साफ होती, त्याची बायको. ती ताट वाढायची आणि उठून आत जायची. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना उरकून पाहुणे पांगले तेव्हा ती एकदाच बोलली होती. "कैरोला जाऊ दिलं असतंत तर." मोठ्यानेही नाही, रागानेही नाही. त्यानंतर 'जेवण ठेवलंय' आणि 'पाणी आलंय' यापलीकडे दोघांत काही उरलं नव्हतं.

मिस्सा, ती सकाळची उपासना, संपली. लोक उरलेल्या पावाचे तुकडे घेऊन निघाले. बायका एकमेकींच्या पोरांना तुकडे भरवत होत्या, उपवासाचे दिवस म्हणून तेलातल्या भोपळ्याच्या गोष्टी करत होत्या. गत्तास अबूनांची वाट पाहत दाराशी उभा राहिला. अबूना बरसूम त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, गोल अंगाचे, थट्टेखोर. लहानपणी याच भट्टीतून गरम पाव पळवताना ते सापडले तेव्हा गत्तासने त्यांचा कान पिळला होता.

"काका, आजचा पाव म्हणजे काय सांगू!" अबूना म्हणाले. "बिशपसाहेब येतील तेव्हा असाच काढा. नाहीतर ते मलाच भट्टीत घालतील."

गत्तासने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "अबूना, मला मोकळं करा. दुसरा कोणी बघा."

"का? पाठ धरली?"

"नाही. मी म्हणत नाही काही."

"कुठे म्हणत नाही?"

"परातीवर. अबनूब गेल्यापासून. एक ओळ नाही. मुकाट मळतो आणि तुम्हाला आणून देतो. तुम्ही ते वर धरता, लोक घेतात. मी सगळ्यांना फसवतोय."

अबूनांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते दाराच्या दगडावर बसले आणि त्यांनी गत्तासलाही बसवलं.

"आणि पाव फुगतो?"

"फुगतो. तेच तर."

"न फुगता तर बरं झालं असतं, असं वाटतं?"

गत्तासने हातातल्या टोपलीतला चुरा झटकला.

"काका," अबूना म्हणाले. "त्या पोराची पेटी खांद्यावरून उतरवली तेव्हा मलाही दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण मला वेदीवर बोलावंच लागतं. पुस्तक समोर असतं, लोक समोर असतात. तुम्ही एकटे असता." ते उठले आणि झगा झटकला. "पुढच्या रविवारी भाजून द्या. त्यानंतर मी मिन्या शहरातून पाव मागवीन."

इतक्या झटकन ते कबूल झाले, याचं गत्तासला वाईट वाटलं. त्यांनी थोडं भांडावं, निदान रागवावं, अशी त्याची आतून इच्छा होती. घरी त्याने इन्साफला सांगितलं, "या रविवारी शेवटचं." ती मसूर निवडत होती. तिचे हात थांबले, पण मान वर झाली नाही.

रविवारी तो अंधारातच निघाला तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं. मागच्या अंगणात गेली असेल, असं त्याला वाटलं. तिच्या उठण्याबसण्याची चौकशी त्याने कधीच सोडून दिली होती. कडाक्याची थंडी पडली होती आणि कालव्यावर धुकं होतं. त्याने बेथलेहेमचं दार उघडलं, हातपाय धुतले, भट्टी पेटवली. भट्टी जुनी होती. गॅस सुरू झाला की एवढी घोंघावायची की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळू नये. त्या आवाजात त्याने पीठ चाळलं, पाणी घातलं आणि मळायला लागला. शेवटचं मळणं. आपल्याला काहीतरी वाटेल अशी त्याची अपेक्षा होती. काही वाटलं नाही. बोटं आपलं काम करत राहिली.

कणीक गोळा व्हायला आली आणि भट्टी फुरफुरली, दोनदा उसासली आणि विझली. सिलिंडर संपला होता. खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत गत्तासला भिंतीपलीकडे कुणीतरी बोलताना ऐकू आलं.

आवाज हलका, घोगरा, न थांबणारा. तो झरोक्याकडे सरकला. शब्द ओळखीचे होते. मधेच दोन ओळी गाळलेल्या, एका स्तोत्राचं शेपूट दुसऱ्याला जोडलेलं, पण स्तोत्रंच. त्याने हात पुसले, पाना घेतला आणि मागच्या बाजूला गेला.

सिलिंडर बाहेर भिंतीला टेकून ठेवलेले असत. त्यांच्या शेजारी, रिकाम्या पिठाच्या पोत्यावर इन्साफ बसली होती. काळी शाल डोक्यावरून ओढलेली, दवाने ओली झालेली. त्याला पाहून ती दचकली नाही. चाललेली ओळ पुरी केली आणि मग थांबली.

"तू इथे काय करतेस?"

"दिसत नाही?"

"कधीपासून?"

"चाळिसाव्यानंतरच्या रविवारी तुम्ही मफलर विसरला होतात. तो द्यायला आले होते. दाराशी उभी राहिले, म्हटलं एवढं म्हणून होऊ दे, मग हाक मारू. भट्टी अजून पेटली नव्हती, आतून नुसती कणीक आपटल्याचा आवाज. थप, थप. बराच वेळ उभी राहिले. तुम्ही काही बोललाच नाहीत."

"मग घरी विचारायचंस."

"काय विचारणार होते? घरात तरी कुठे बोलता?"

त्याला वाटलं, आपण खाली बसावं, तिच्या पायांपाशीच. पण तो पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. "माझ्यासाठी एवढ्या थंडीत..."

"तुमच्यासाठी नाही," ती तोडून म्हणाली. "मिस्सेत त्या पावापुढे मेलेल्यांची नावं वाचतात. माझ्या लेकाचं वाचतात. मुक्या कणकेच्या पावापुढे मी त्याचं नाव घेऊ देणार नाही. तुम्हाला नाही म्हणायचं, नका म्हणू. कुणीतरी म्हणायला पाहिजे ना?"

"तुला सगळी कुठे येतात?"

"नाहीच येत. येतात तेवढी म्हणते. अडलं की 'प्रभू, दया कर', 'प्रभू, दया कर', आणि पुढे. तीस वर्षं घरात पुटपुटत होतात, तेवढं कानावर पडलेलं. अर्धी तर तुमच्यासारखी नाकातूनच येतात."

त्याच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "मला जमत नाही गं, इन्साफ. तोंड उघडलं की तीच सकाळ दिसते."

"मला काय जमतंय? मी खुशीत म्हणते असं वाटतं तुम्हाला? दात खाऊन म्हणते. प्रत्येक ओळ दात खाऊन." तिने शाल पुन्हा ओढून घेतली. "सिलिंडर बदला. कणीक वाळेल."

त्याने सिलिंडर बदलला. नटाचे आटे बसेनात, बोटं बधिर झाली होती. तिने पुढे होऊन नळी धरली. एवढ्या महिन्यांत दोघांचे हात पहिल्यांदाच एका वस्तूवर आले होते. मग ती पुन्हा पोत्यावर जाऊन बसली आणि तो आत गेला.

भट्टी त्याने लगेच पेटवली नाही. झरोक्याची फळी सरकवली. थंड वारा आत आला आणि त्याच्याबरोबर तिचा आवाज. कणीक अजून मऊ होती. त्याने मळायला घेतली. बाहेर ती एका ओळीशी अडली, 'प्रभू, दया कर' म्हणाली, पुन्हा त्याच ओळीशी आली, पुन्हा अडली. पुढची ओळ त्याला पाठ होती. जिभेवर आलेली होती. ती फक्त सांगायची होती.

त्याने तोंड उघडलं. ओळ आली नाही. आलं ते भलतंच, आणि एवढं खोलातून आलं की त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"कुठे होतास तू?"

त्याने मूठ कणकेत रुतवली.

"त्या सकाळी मी त्याचं नाव घेतलं होतं. इथेच. दर वेळी घ्यायचो. मी एकदाही चुकलो नव्हतो. कुठे होतास?" डोळ्यांतलं पाणी कणकेत पडू नये म्हणून त्याने मान वळवून खांद्याला तोंड पुसलं. हात परातीत तसेच होते. बापाने शिकवलेल्या दोन नियमांत हे कुठे बसत होतं कोण जाणे. त्याला भीती वाटली की आता बाहेरून तिची पावलं दूर जाताना ऐकू येतील.

शाल भिंतीला घासल्याचा आवाज झाला. इन्साफ उठून झरोक्याशी आली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, श्वास तेवढा ऐकू येत होता.

"मोठ्यानं विचारा," ती म्हणाली. "मलाही तेच विचारायचंय."

गत्तासने कणीक उलटी केली, तळहातांनी दाबली आणि मोठ्यानं विचारलं.