कालवफोड्या पाहिलेली दुर्बीण

मित्रांनो, माझ्या नळ्यांवरचे काळे आवरण जागोजागी सोलवटले आहे. गळ्यात अडकवायचा पट्टाही मूळचा राहिलेला नाही. त्याच्या जागी एका दप्तराचा निळा पट्टा शिवला आहे. वयाने मी बरीच मोठी आहे. पण अडगळीत पडलेली दुर्बीण नाही. मी अजून कामावर आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या प्रत्येक नळीत दोन जाड त्रिकोणी काचा आहेत. त्यांना लोलक म्हणतात. ते आत आलेल्या प्रकाशाला वळवतात आणि उलटी प्रतिमा सुलटी करतात. लोलक बसवणारा कारागीर मला एका ओट्यावर घट्ट बसवून समोरच्या भिंतीवरच्या फुलीकडे पाहत असे. डाव्या नळीतली फुली उजव्या नळीतल्या फुलीवर तंतोतंत बसेपर्यंत तो बारीक स्क्रू फिरवत राही. दोन डोळ्यांनी पाहायचे, पण दिसायचे मात्र एकच, हा माझा पहिला धडा.

मला विकत घेतले मालतीबाईंनी. त्या मूळच्या सोलापूरच्या. पण कोकणात एका बंदराच्या गावी हायस्कुलात विज्ञान शिकवत. हिवाळा लागला की शाळेआधी त्या मला घेऊन धक्क्यावर जात. मचवे परत आलेले असत. टोपल्या उतरत. त्यांच्यावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांची नुसती झुंबड उडे. उन्हाळ्यात ज्यांचे डोके तपकिरी असते, त्यांच्या डोळ्यामागे हिवाळ्यात फक्त एक काळा ठिपका उरतो, हे मी बाईंबरोबरच शिकले.

मासे निवडणाऱ्या बायकांना मोठी गंमत वाटे. “काय ओ बाई, मासली घ्यायची नाय, खायची नाय, मग रोज कशाला येता?” असे त्या विचारत.

“तुमची मासळी कोण पळवतं ते बघायला,” बाई म्हणत.

“त्याला दुर्बीण कशाला? तो बघा, समोरच उभा आहे!” आणि त्या आपल्याच मुकादमाकडे बोट दाखवत.

ओहोटी लागली की धक्क्यापलीकडचे खडक उघडे पडत. त्यांना कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, चिकटलेली असत. तिथे एक पक्षी यायचा. डोके काळे, पोट पांढरे, पाय गुलाबी आणि चोच लांब, सरळ, शेंदरी. ती चोच पहारीसारखी शिंपल्यात घालून तो कालव उघडायचा. म्हणून त्याचे नाव कालवफोड्या. तो मी इतक्या वेळा पाहिला, की त्याची चाल मला पाठ झाली.

खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा पापुद्रा धरतो. तो तसाच पुसला तर काच ओरखडते. मालतीबाई आधी फुंकर मारत, मग मऊ मलमलीने हलकेच पुसत. त्या मला कधी मुलांच्या हातात नुसते देत नसत. आधी पट्टा गळ्यात, मग दुर्बीण हातात, असा त्यांचा नियम होता. ते दिवस माझ्या मानाचे होते.

निवृत्तीनंतर बाई सोलापुरात परतल्या. गुडघे धरले, मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी दिवाणखान्यातल्या कपाटात गेले. त्यांचा मुलगा सुबोध चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता. एकदा सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी त्याने मला स्कूटरच्या हुकाला अडकवून नेले. गतिरोधकावर जुना पट्टा तुटला आणि मी रस्त्यावर आपटले. सुबोधने मला उचलले, फिरवून पाहिले आणि म्हणाला, “काच फुटली नाही ना? मग काही झालं नाही.”

मित्रांनो, झाले होते. उजव्या नळीतला लोलक किंचित सरकला होता. पण ते बाहेरून दिसत नाही. मी पुन्हा कपाटात, पितळी समईशेजारी उभी राहिले. पाहुणे येत, “वा, जुनी वस्तू जपलीय हं,” म्हणत आणि चहा घेत. डोळ्याला मात्र कुणी लावत नसे.

तिथून मला रेश्माने बाहेर काढले. ती मंद्रूपजवळच्या एका गावची. वडील शेती करतात. सोलापुरात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना ती मालतीबाईंच्या माडीवर भाड्याने राहायची. पक्ष्यांच्या नादाची मुलगी. बाईंनी एक दिवस कपाट उघडायला लावले आणि म्हणाल्या, “ही घेऊन जा. शोभेला ठेवलेलं उपकरण आंधळं होतं.” रेश्माने तुटक्या पट्ट्याच्या जागी आपल्या दप्तराचा निळा पट्टा मला शिवला. स्वतःच्या डोळ्यांनी त्यांना मला तपासता आले असते, तर माझे दुखणे तेव्हाच कळले असते.

रेश्माच्या गावाला एक तलाव आहे. शहरातल्या पक्षिमित्र मंडळाच्या लेखी तो नव्हताच. हे मंडळ दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या काही पाणवठ्यांवरचे पक्षी मोजते. त्या वर्षी एकच नवे पाणी त्यात घ्यायचे ठरले होते. आपला तलाव घेतला जावा, यासाठी रेश्मा जिवाचे रान करत होती. तिचे कारण साधे होते. ज्या पाण्याची नोंद नाही, ते पाणी गेले तरी कुणाला कळत नाही. गावातली जुनी घरे पाडली की राडारोडा तलावाच्या एका कोपऱ्यात पडू लागला होता, आणि “डबकं तर आहे,” म्हणून लोक ट्रॅक्टर रिकामे करत होते.

दर शनिवारी ती एसटीने गावी येई, बांधावर बसून पक्षी मोजे आणि आकडे मंडळाला कळवी. माझ्यातून फार वेळ पाहिले की तिचे डोके दुखे. तिला वाटे, अभ्यासाने डोळे शिणले असतील.

अशाच एका सकाळी, पाण्याच्या कडेला, चिखलात, मला तो दिसला. काळे डोके, शेंदरी चोच. मित्रांनो, मी त्याला पाहताक्षणी ओळखले! पण दुर्बिणीला फक्त दाखवता येते, सांगता येत नाही. रेश्मा श्वास रोखून पाहत होती. बराच वेळ पाहिल्यावर तिने पुस्तक उघडले, पुन्हा पाहिले आणि मोबाइलवर मंडळाचे प्रमुख कमलाकर सर यांना कळवले: कालवफोडे, दोन.

सरांचा लगेच फोन आला. ते निवृत्त अभियंता. बोलणे मिस्कील, पण नोंदीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर.

“रेश्मा, कालवफोड्याला कालवं लागतात. तुमच्याकडे काय, ज्वारी. तो काय कडक भाकरी फोडायला आला का?”

“सर, चोच स्पष्ट दिसली.”

“एखादा वाट चुकून येतो, हे मलाही माहीत आहे. पण जोडी? जोडीनं वाट चुकले म्हणतेस? पुढच्या रविवारी येतो मी. दोन्ही दाखव, तलाव घेतलाच म्हणून समज.”

आता सगळे त्या दोन पक्ष्यांवर येऊन ठेपले.

पुढच्या शनिवारी रेश्मा उजाडताच बांधावर आली. तिच्या काकी गोजरबाई शेळी चारायला तिथेच आल्या होत्या. त्यांच्याकडे चांदी नावाची एकच पांढरी शेळी आहे. समोरच्या उतारावर ती चरत होती.

“घावला का गं तुजा जावई?” गोजरबाईंनी विचारले.

“न्हाय काकी. सकाळपासनं पत्ता न्हाय.”

“परवा हुता की हितंच. लाल चोचीचा. जनू गाजर चोरून पळालाय. बगू ती तुजी दुर्बीन, मी हुडकते.”

रेश्माने पट्टा आधी काकीच्या गळ्यात घातला. मालतीबाईंचा नियम तिच्याकडेही आला होता. गोजरबाईंनी पाणी पाहिले, झाडे पाहिली आणि मग मला शेळीकडे वळवले. थोडा वेळ त्या तशाच पाहत राहिल्या. मग मोठ्याने हसल्या.

“अगं रेश्मे! चांदीच्या दोन चांद्या झाल्या की! लई ब्येस हाय गं हे. सांजच्याला दूद बी दुप्पट निगंल का बग!”

रेश्माही हसू लागली आणि मध्येच थांबली. तिने मला काकीच्या गळ्यातून काढून घेतले आणि शेळीकडे पाहिले. डावा डोळा मिटून पाहिले, शेळी एक. उजवा मिटून पाहिले, शेळी एक. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत राहिली. आधी शेळी एकच होती. डोळे थकले, तशी तिच्यातून दुसरी शेळी हळूच बाजूला सरकली. दोघींनी एकाच क्षणी मान वर केली.

रेश्माला मागचा शनिवार आठवला. ते दोन पक्षीही असेच एकाच वेळी पाय उचलत होते, एकाच वेळी चोच खुपसत होते. मागे नुसते पाणी होते. ते दुहेरी दिसले काय आणि एकेरी दिसले काय, कळणार कसे? आणि थवे? थव्यात एकाचे दोन झाले, तर कुणाला ओळखू येणार? तिची हिवाळाभरची सगळी मोजणी माझ्या वाकड्या नळीतून झाली होती.

“काय झालं गं?”

“काकी, पक्षी दोन नव्हते. एकच हुता. माझे सगळे आकडे चुकल्यात.”

“मग सांगू नगंस की. त्या सरास्नी काय म्हाईत? शेळीला इचाराय येनार हाईत व्हय ते?”

“मला म्हाईत हाय की, काकी.”

तिने तिथूनच कमलाकर सरांना फोन लावला. दुर्बिणीतला दोष सांगितला. कालवफोडे दोन नाहीत, एक. आणि तोही आज दिसत नाही, हे सांगितले.

सर म्हणाले, “मग बाकीची मोजणी?”

“रद्द धरा, सर. सगळी. मी परत मोजते.”

“अगं, यादी उद्या ठरायची आहे.”

“आज उजेड आहे तोवर मोजते. उद्या तुम्ही याल तेव्हा परत मोजू.”

तिने रुमालाची घडी केली आणि माझ्या उजव्या नळीवर घट्ट बांधली. एका डोळ्याची झालेली मी आणि एक डोळा मिटलेली ती, अशा आम्ही दिवसभर बांधावर बसलो. थापट्या बदके, चक्रवाक, शेकाट्या, तुतवार. एकेक थवा तिने पुन्हा मोजला. आधीच्या आकड्यांपेक्षा प्रत्येक आकडा कमी भरत होता. दर वेळी ती ओठ घट्ट मिटायची आणि पुढचा थवा घ्यायची. दुपारी गोजरबाई भाकरी घेऊन आल्या. खातानासुद्धा तिने नजर पाण्यावरून काढली नाही.

रविवारी सर आले. तिपाईवरची मोठी दुर्बीण त्यांनी बांधावर उभी केली. दोघे एकमेकांपासून लांब बसले, आपापले मोजले आणि मग एकेक आकडा मोठ्याने वाचला. आकडे जुळत गेले. थापट्यांमध्ये फरक आला. सरांनी पुन्हा मोजले आणि म्हणाले, “माझंच चुकलं. तुझा बरोबर आहे.”

कालवफोड्या मात्र आला नाही. ऊन डोक्यावर आले तरी आम्ही थांबलो.

“गुरवारपतूर हुता बगा, सायेब,” गोजरबाईंनी ग्वाही दिली.

“फोटो वगैरे आहे का काकू?”

“माज्याकडं? सायेब, माज्याकडं चांदीचा बी फोटू न्हाय.”

सर हसले. मग गंभीर झाले. “रेश्मा, जी मुलगी स्वतःची मोजणी स्वतः रद्द करते, तिनं तो पक्षी पाहिला यावर माझा विश्वास आहे. लिहू का, कालवफोड्या, एक?”

रेश्माने माझ्याकडे पाहिले. रुमाल अजून माझ्या उजव्या नळीवर होता. ती म्हणाली, “लिहा सर, पण पुढे ‘अपुष्ट’ लिहा, खात्री झालेली नाही म्हणून. सदोष दुर्बिणीतून पाहिला, हेही लिहा.”

सरांनी तसेच लिहिले. तिपाई आवरता आवरता ते म्हणाले, “आणि तुझा तलाव घेतला गं यादीत. इतकी बदकं असताना याला समुद्राची शिफारस कशाला हवी?”

रेश्माने राडारोडा पडलेल्या कोपऱ्याकडे एकदा पाहिले, आणि घरी जाताना काकीच्या हातातली शेळीची दोरी आपल्या हातात घेतली.

त्यानंतर मला दुरुस्तीला पाठवण्यात आले. लोलक सरळ झाला आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात वजनकाटा असेल, तापमापी असेल, शाळेत सूक्ष्मदर्शक असेल. ती पडली, आपटली, तर नुसती काच फुटली नाही म्हणून ती धड आहेत असे समजू नका. आम्ही खोटे बोलत नाही. पण वाकलो की आम्हाला दिसते तेच वाकडे असते, आणि त्याची शिक्षा आमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला होते. म्हणून आम्हाला पुसा, तपासा, दुरुस्त करा आणि मुख्य म्हणजे वापरा.

यंदाची थंडी सुरू झाली आहे. शनिवारी पहाटे रेश्मा मला घेऊन एसटीत बसते. तलावावर थापट्या बदके उतरली आहेत. तो अजून आलेला नाही. कदाचित येणारही नाही. पण आलाच, तर त्याच्या नावापुढचा तो एक शब्द आम्हा दोघींना खोडायचा आहे.