बुढा, कोठी, पाटील आणि रंजीताबाईंचा आवाज

मित्रांनो, कधी वडशाला आलात आणि प्रफुलच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत डोकावलात, तर दारामागच्या खिळ्याकडे जरूर बघा. तिथं लटकलेला करड्या रंगाचा जुना हेडफोन म्हणजे मी. माझी वायर मधेच जोडलेली आहे, डोक्यावरची पट्टी घामानं काळी पडली आहे आणि कानाच्या गाद्यांना लाल मखमल आहे. मखमल बघून हसू नका हं. ती नाटकाच्या पडद्याची आहे आणि मला तिचा फार तोरा आहे. इथं मला सगळे बुढा म्हणतात. म्हणोत बापडे, मी ओ देतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. भिंगाखाली बघून एका बाईनं माझे दोन्ही पडदे बसवले. पडदा म्हणजे माझ्या आतली पातळ चकती. ती थरथरते आणि तुम्हाला गाणं ऐकू येतं. माझी बाहेरची बाजू जाळीची, म्हणजे उघडी. त्यामुळे गाणं डोक्यात कोंडत नाही, समोरच्या अंगणात कोणी गात बसल्यासारखं वाटतं. खोटही तीच. मी पोटात काही ठेवत नाही, माझ्यातलं गाणं शेजारच्यालाही ऐकू जातं.

उमेदीची वर्षं मी नागपूरच्या एका स्टुडिओत काढली. भजनं, लग्नाची गाणी, बी-बियाण्यांच्या जाहिराती, काय नाही ऐकलं! तिथले साहेब म्हणायचे, "याच्यावर पास झालं म्हणजे झालं." ते ऐकून माझी पट्टी ताठ व्हायची. मग दिवस फिरले. स्टुडिओ बंद झाला आणि मला बल्बच्या फुटक्या होल्डरांबरोबर एका खोक्यात टाकलं. माझ्या गाद्यांचा भुगा झाला. उंदरानं वायर चाखून पाहिली. खोक्यात पडल्या पडल्या मी बाहेरच्या रस्त्यावरचे भोंगे ऐकायचो आणि वाटायचं, संपलं आपलं.

प्रफुल तिथं जुनं टेबल बघायला आला होता. त्यानं खोक्यात हात घातला आणि मला वर काढलं. फुंकर मारली. "हा नेऊ का?" असं त्यानं विचारलं. मालक म्हणाले, "ने बाबा, कचऱ्यातच जाणार होता." असा मी वडशाला आलो. माझ्या गाद्यांना नाटकाच्या जुन्या पडद्याची मखमल लावली ती प्रफुलनंच, स्वतःच्या हातानं.

आता वडसा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान घरात येऊ लागलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात. नाटकाआधी त्याचं मुख्य गाणं जीपवर भोंगा बांधून गावांत फिरवतात. ते गाणं ऐकून माणसं ठरवतात, या नाटकाला जायचं की नाही. ही गाणी प्रफुलच्या खोलीत तयार होतात. म्हणजे गाणं बिघडलं तर मंडळीचा हंगाम बिघडला.

खोली विटांची होती, आवाज घुमायचा. म्हणून यंदा हंगामाच्या तोंडावर प्रफुलनं डाव्या भिंतीला बांबूच्या तट्ट्या ठोकल्या आणि त्यांच्या मागं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलं. घुमणं थांबलं. पण इकडची जाणती माणसं बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात. चांदण्यात तोडलेल्या बांबूला घुण, म्हणजे पोखरणारा किडा, लागतो, असं लहान पोरंही सांगतील. प्रफुलला हे ठाऊक होतं. पण घाई होती, आणि आकाशाकडे बघायला कोणाला सवड होती? ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्याच सुमारास प्रफुलचा भाऊ विक्की हैदराबादहून आला. तिथं त्याला चांगली नोकरी आहे आणि भावाच्या कामाचा अभिमान आहे. त्यानं बॅगेतून दोन नवे कोरे, उंची हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खिळ्यावरून मी बघतच राहिलो.

पहिला सगळीकडून बंद, काळाभोर, गुबगुबीत. प्रफुलनं त्याचं नाव ठेवलं कोठी, कारण धानाच्या कोठीसारखं आत पडलेलं बाहेर येत नाही. दुसरा रुंद, जड, लाकडी कडांचा. डोक्यावर असा बसायचा की मान आपोआप सावकाश वळावी. त्याचं नाव पाटील.

मग दोघा भावांनी आमची परीक्षा घेतली. प्रफुलकडे एक खास रेकॉर्डिंग आहे. त्याच्या गावच्या बायका रोवणा करताना, म्हणजे धानाची रोपं लावताना, पाणी भरलेल्या शेतात, म्हणजे बांधीत, ओळीनं उभ्या राहून गातात, ते. हेडफोन कोणताही असो, त्याला आधी या बायकांसमोर उभं राहावं लागतं.

कोठीवर ते गाणं लागलं आणि विक्की छातीवर हात ठेवून बसला. म्हणाला, "दादा, सगळ्या बाया छातीत येऊन गाऊन राह्यल्या." खरंच, बाहेर ट्रक गेला तरी कोठीनं आत त्याचा मागमूस येऊ दिला नाही. इतकी राखण मला सात जन्मात जमणार नाही. गाणाऱ्यानं कानावर घालावा तो कोठीच. मी असतो तर माझ्यातलं वाजणं माईकमध्ये शिरून सगळा घोटाळा झाला असता.

पाटलाची तर बातच न्यारी. त्याचा पडदा म्हणे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज त्यानं असा काढला की प्रफुलनं नकळत खाली पाहिलं. रोप खोचताना बोट पाण्याला लागतं, तेही वेगळं ऐकू आलं. खालचा जाड आवाज तळापर्यंत जायचा आणि तरी चिखलासारखा पसरायचा नाही. मित्रांनो, मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त आनंद झाला. ज्या बायका मी इतकी वर्षं ऐकल्या, त्यांची बोटं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मग माझी पाळी आली. प्रफुल म्हणाला, "बुढ्याचा खालचा आवाज पातळच आहे. पण पाह्य ना, ओळ दिसते. ही पहिली, ही दुसरी, ती कडेची बांधावर उभी आहे." विक्कीनं डोळे मिटले आणि बोटानं बायका दाखवायला लागला. तेवढं ऐकून माझं पोट भरलं. पण काम नव्यांना मिळालं आणि मी खिळ्यावर गेलो. जग असंच चालतं, तक्रार नाही. फक्त गाद्यांवर धूळ बसायला लागली तेव्हा थोडं वाईट वाटलं.

मग रंजीताबाई गायला आल्या. संघपालभाऊंच्या मंडळीत त्या बरीच वर्षं मुख्य भूमिका करतात. त्यांचं गाणं भोंग्यावर लागलं की बायका चूल सोडून दारात येतात. संघपालभाऊ मंडळीचे मालक. माणूस वाईट नाही, पण हंगाम जवळ आला की त्यांना दर गोष्टीत खोट दिसते.

ऑर्गन आणि तबला आधीच भरून, म्हणजे रेकॉर्ड करून, ठेवला होता. बाईंनी कानाला कोठी लावला आणि समोरच्या दोन माईकपुढं, डाव्या आणि उजव्या, मन लावून गायल्या. नंतर प्रफुलनं नेहमीसारखी छाटणी केली. बाईंच्या दोन ओळींमधली मोकळी जागा तो कापून टाकतो, म्हणजे रस्त्यावरची खुडबुड राहत नाही. बाईंचा आवाज तेवढा ठेवतो.

संघपालभाऊंनी कोठी लावून गाणं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पाटील लावून पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलाकडे बघतच म्हणाले, "बाई, राग नका मानू. आवाज फाटून राह्यला. गळ्यात करकर येऊन राह्यली."

"माह्या गळ्यात?" रंजीताबाई म्हणाल्या.

"गाता तवाच येते. थांबल्यावर नाई येत. गळा थकला तुमचा. यंदा मुख्य काम दिव्यानीले देतो. तुमी मायची भूमिका करा."

दिव्यानी ही त्यांच्याच मंडळीतली नवी गायिका. गुणी मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. पण मित्रांनो, जिच्या गळ्यावर गावं जमतात, तिला हे ऐकावं लागलं. संघपालभाऊ चहा प्यायला चौकात गेले. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि तशाच बसून राहिल्या. मला खिळ्यावर बसवेना. जवळ जायला पाय नाहीत आणि बोलायला तोंड नाही, हे दुःख हेडफोनलाच ठाऊक.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "प्रफुल, मले ऐकव बरं. माहा फाटका आवाज माह्या कानानं ऐकतो."

आधी त्यांनी कोठी लावला. करकर होतीच. बारीक, त्यांच्या प्रत्येक ओळीखाली. कोठी सगळं जवळ आणून छातीत ठेवतो, म्हणून ती गळ्यातूनच आल्यासारखी वाटायची. बाईंचे डोळे भरले.

मग पाटील लावला. त्यानं करकर आणखी स्पष्ट केली आणि तिथंच बाईंच्या कपाळाला आठी पडली. "परत लाव," त्या म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. "मी वर चढतो, पण हे चढत नाई. आहे तिथीच आहे. गळा असा कोरडा नाई वाजत, प्रफुल. हे सुकं आहे, लाकूड खाजवल्यावानी." शाबास रे पाटला, हे तुझंच काम होतं.

प्रफुल गोंधळला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं, धूळ झटकली आणि मखमलीच्या गाद्या बाईंच्या कानांवर ठेवल्या.

माझी वायर हलली की खरखरते. मी मनात म्हटलं, आजचा दिवस गप राह गं. ती राहिली. गाणं सुरू झालं. रंजीताबाईंचा आवाज मी मधोमध उभा केला, समोर, जिथं तो होता. आणि करकर जिथं होती तिथं ठेवली. दुसरं मला येतच नाही.

बाईंनी हळूच मान डावीकडे वळवली. हेडफोन काढला. उठल्या, डाव्या भिंतीजवळ गेल्या आणि तट्टीला कान लावला. मग खाली वाकून बोट जमिनीवर फिरवलं आणि प्रफुलपुढं धरलं. बोटावर पिठासारखा पिवळसर भुगा होता.

"काऊन रे, चांदण्यात तोडला का बांबू?"

प्रफुलचं तोंड बघण्यासारखं झालं. "घाई होती ना बाई," तो म्हणाला. मग त्यानंही तट्टीला कान लावला. आत घुण आपला निवांत जेवत होता. डाव्या माईकनं तो टिपला होता. मधली जागा कापताना प्रफुलनं तिथली करकरही कापली आणि बाईंच्या ओळींखालची तेवढी राहिली. म्हणून ती त्यांच्या गळ्याला चिकटली.

संघपालभाऊंना बोलावून आणलं. ते आधी मानेनात. प्रफुलनं मला त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. बाई थांबल्या तरी डावीकडे करकर चालूच. भाऊंनी मला काढलं, तट्टीपाशी गेले आणि बराच वेळ कान लावून उभे राहिले. वळले तेव्हा नजर खाली होती.

"बाई, मी चुकलो," ते म्हणाले. "तुमाले म्हातारी करून टाकलं ना मी."

"मायची भूमिका अजून थांबू द्या, भाऊ," रंजीताबाई म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, आणि रडूही.

त्याच दुपारी तट्ट्या उखडून अंगणात टाकल्या. खोलीत प्रफुलच्या घरच्या गोधड्या टांगल्या आणि गाणं नव्यानं भरलं. बाईंच्या कानावर कोठी होता, बारकावे पाटलानं तपासले आणि शेवटी कोण कुठं उभं आहे ते बघायला मला घेतलं. यंदाच्या जाहिरातीवर रंजीताबाईंचं नाव सगळ्यात वर आहे. दिव्यानी त्यांच्या धाकट्या बहिणीचं काम करते. आणि प्रफुल नव्या बांबूसाठी अंधाऱ्या पंधरवड्याची वाट बघतो आहे, निमूटपणे.

मित्रांनो, आता बुढ्याचं एवढं ऐका. आम्हा हेडफोनांना वायर धरून ओढू नका, गाद्या पुसत जा आणि आवाज बेतानं लावा, कारण माझ्या गाद्या मखमलीच्या मिळतील, तुमच्या कानांना तशा मिळायच्या नाहीत. आमच्यातला चांगला कोण, म्हणून भांडू नका. कोठीनं जवळ आणलं, पाटलानं सोलून दाखवलं, मी जागा सांगितली. तिघं नसतो तर एक गळा फुकट गेला असता.

आणि तुमच्या ओळखीचं कोणी, "तुझा आवाज गेला" असं ऐकून गप्प बसलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला गायला सांगा. आणि 'हो, गेलाच' म्हणून मान डोलवण्याआधी, एकदा डाव्या भिंतीला कान लावून या.